इंग्रजीतून आजारी पडताना

लोक पोटासाठी काय काय करतात. मी आजारी पडते, तेही इंग्रजीतून! सोलापुरात शुक्रवार पेठेत एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत माझा क्लास आहे. तिथं मी रोज खुर्चीत बसून कण्हते, खोकते, डोकं धरते, आणि समोरची मुलगी मला विचारते, "हाऊ आर यू फीलिंग टुडे?" निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणींपैकी कुणी भिशी चालवली, कुणी भजनी मंडळ काढलं. मला हा उद्योग सापडला. खरं सांगते, शाळेत जन्मभर इंग्रजी व्याकरण शिकवून जी मजा आली नाही ती या आजारपणात आली!

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून आधी धंदा समजावून सांगते. आपल्याकडच्या नर्सला इंग्लंडात किंवा आयर्लंडात नोकरी हवी असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्यात बोलण्याचा एक भाग असतो. उमेदवाराच्या हातात कार्ड देतात. समोर बसलेला परीक्षक पेशंट होतो आणि उमेदवारानं त्याच्याशी नर्स म्हणून बोलायचं असतं. औषधं किती माहीत आहेत हे तिथं कुणी बघत नाही. समोरच्या माणसाशी तुम्ही बोलता कसं, ऐकता कसं, हे बघतात. आता सरावाला पेशंट आणायचा कुठून? म्हणून मी. दम्याची पेशंट मी (दमा तर मला खराच आहे), पाय मोडलेली मी, बाळंतीण सुद्धा मीच!

पण माझं सगळ्यात आवडतं कार्ड फ्लूचं. कारण फ्लू सगळ्यांनी भोगलेला असतो आणि कुणालाच तो धड कळलेला नसतो. आपण सर्दीलाही ताप म्हणतो, तापालाही व्हायरल म्हणतो आणि मोकळे होतो. मी मुलींना सांगते, सर्दी ओळखीच्या पाहुण्यासारखी हळूहळू येते. आधी नाक, मग घसा. फ्लू धाड घालतो. सकाळी माणूस भाजी आणायला जातो आणि दुपारी उभा राहू शकत नाही. ताप, थंडी, अंगाचा चुरा, कोरडा खोकला. बहुतेक लोक आठवड्याभरात उठतात. पण म्हातारी माणसं, दमेकरी, शुगरवाले, गरोदर बायका यांच्या बाबतीत तो छातीत उतरू शकतो, तिथं हयगय चालत नाही.

आणि इंग्रज लोक याविषयी बोलतात कसं, हे ऐकाल तर चाट पडाल! मी इंग्लंड पाहिलेलं नाही. पण माझ्या मुली तिथल्या वॉर्डांतून मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. 'मॅडम, आज एक आजोबा असं म्हणाले, मॅडम, आज एक आजी तसं म्हणाल्या.' आज जरा बरं नाही, हे त्यांच्याकडं 'अंडर द वेदर', म्हणजे माणूस हवामानाच्या खाली गेलेला! ताप येऊ घातलाय असं वाटलं तर 'आय अ‍ॅम कमिंग डाउन विथ समथिंग'. साथ आली तर 'देअर्स समथिंग गोइंग अराउंड', काहीतरी आपलं आपण गावात हिंडतंय. बरं वाटायला लागलं की 'ऑन द मेंड', डागडुजी चालू आहे. आणि फ्लूनं पार आडवं केलं तर 'इट नॉक्ड मी फॉर सिक्स', तापानं मला सिक्सर ठोकून मैदानाबाहेर भिरकावलं! हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या अन्वरनं बाकच वाजवला. अन्वर हा आमच्या क्लासातला एकुलता एक पुरुष नर्स. "मॅडम, बीमारी में बी क्रिकेट!" तो म्हणाला, आणि दिवसभर दिसेल त्याला सिक्स मारत सुटला.

गंमत पुढेच आहे. साध्या सर्दीनं ऑफिसला दांडी मारायची असेल तर ते लोक फोनवर 'फ्लू झालाय' म्हणतात. आणि खराच फ्लू होऊन अंथरुणाला खिळले की म्हणतात, 'नॉट टू बॅड'. फार काही वाईट नाही! तुम्हाला त्रास नको, तुमची कामं असतील. नर्स हे 'नॉट टू बॅड' ऐकून पुढच्या खाटेकडं गेली तर संपलंच. तिनं खोदून विचारायचं असतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

आपलं याच्या बरोब्बर उलट. आपल्याकडं हाडन् हाड ठणकतं, डोक्यात घण पडतात, जीव जातो की राहतो असं होतं. आमच्या घरात कानडी. आई 'मैकै नोवु' म्हणत अंथरूण धरायची, अंगही दुखतंय आणि हातही, काही बाकी ठेवायचं नाही. शेजारच्या विणकरांच्या घरात हेच तेलुगूतून चालायचं. सोलापुरात चार भाषांतून आजारी पडायची सोय आहे आणि चारींचा आवाज चढाच! शिवाय आपल्या तापाला आरोपी लागतो. आइस्क्रीम, पंखा, रात्रीचं दही, कालचं लग्न. माझी एक हुशार विद्यार्थिनी परीक्षेत फ्लूच्या पेशंटला इंग्रजीतून इतकी रागावली, की तुम्ही डोकं ओलं ठेवून बाहेर पडलातच कशाला, की परीक्षक आपलं कार्डच विसरला म्हणे.

पण घरात असा गर्जणारा आपला माणूस दवाखान्यात गेला की गप्प होतो. तिथं त्याच्या वतीनं नातेवाईक बोलतात. खाटेभोवती बायको, भाऊ, मेव्हणा, शेजारी. नर्स विचारते ते त्यांना. 'रात्री झोपला का? काय खाल्लं?' पेशंट मधे आडवा, छताकडं बघत. आपल्याकडची ही कामाची रीतच आहे आणि ती काही वाईट नाही, गर्दीच्या वॉर्डात त्यानंच काम उरकतं. मात्र या रीतीनं एका मुलीचा घात चालवला होता, तिची ही गोष्ट.

भाग्यश्री जवळच्याच वळसंग गावची सून. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. कामाला वाघ, हात हलका, सलाइन लावलेलं पेशंटला कळत नसे. नवरा सिद्धाराम अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. रोज दोघं एकाच गाडीवर यायची, तो तिला दवाखान्यात सोडून पुढं कारखान्यात जायचा. तिला इंग्लंडला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, ध्यासच घेतला होता. वाचन, लेखन सगळं पास. बोलण्यात दोनदा नापास!

का, तर समोर पेशंट बसवला की ती त्याच्याशी बोलायचीच नाही. मी खुर्चीत फ्लूनं कण्हत असायची आणि ती माझ्या खांद्यावरून मागच्या कपाटाकडं बघत इंग्रजीतून म्हणायची, 'तिला विचारा, खोकला कोरडा आहे का?' कपाटाला! जिथं नातेवाईक उभे असतात त्या जागेला! पोरं हसून लोळायची. ती स्वतःही हसायची, आणि मग तिचे डोळे भरायचे.

"माझ्याकडं बघ की भाग्यश्री. ताप मला आलाय, कपाटाला नाही," मी म्हणायची.

"म्याडम, तुमाला काय झालेलं न्हाय की! धडधाकट माणसाला ताप कवापास्नं हाय म्हणून कसं इचारू? मला हसू येतंय, मग काय सुचत न्हाय."

इतक्या वर्षांत माझ्या अभिनयावर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. तिसरी परीक्षा जवळ आली. घरून सासूबाईंचा, नीलव्वांचा निरोप स्पष्ट होता. 'यंदा जमलं तर जमलं. न्हाय तर हा नाद सोडायचा आन् गप हितंच ऱ्हायचं.' भाग्यश्रीनं तो मला जसाच्या तसा सांगितला. ही शेवटची संधी होती आणि ती कपाटाशी बोलत होती.

हिवाळ्याचे दिवस होते, गावात ताप-खोकल्याची साथ होती. त्या सकाळी मी उठले ती अंग जड घेऊनच. क्लास बुडवायचा नाही हा माझा हट्ट. मिस्टर गेल्यापासून मी एकटी राहते, मुलगी बंगळूरला, घरी पडून करणार काय? म्हटलं, आज अनायासे फ्लूचंच कार्ड घेऊ. अन्वर नर्स झाला, मी पेशंट. आणि काय सांगू, असा अभिनय माझ्या हातून कधी झाला नव्हता! दात वाजत होते, शब्द अडखळत होते, खोकला आला तो थांबेना. अन्वरनं विचारलं, मी म्हटलं, "ओ, नॉट टू बॅड, डिअर." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"क्या अ‍ॅक्टिंग करते मॅडम आप! एकदम असली!" अन्वर म्हणाला.

टाळ्या चालू असतानाच भाग्यश्री मागच्या बाकावरून उठली. तरातरा पुढं आली, अन्वरला बाजूला केलं आणि माझ्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तिची नजर एकदा सवयीनं माझ्या मागं गेली. तिथं कपाट होतं, माणूस कुणीच नव्हतं. मग तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मे आय टच युवर फोरहेड?"

मी मान हलवली. तिचा हात कपाळावर टेकला आणि तिचा चेहराच बदलला. मग ती बोलायला लागली. माझ्याशी! सरळ माझ्याशी, इंग्रजीतून! हे कधी सुरू झालं? एकदम की हळूहळू? श्वास घेताना छातीत दुखतंय का? पाणी किती प्यालात? तुम्हाला दमा आहे हे मला माहीत आहे, पंप जवळ आहे का? एकेक प्रश्न विचारायचा, उत्तराला थांबायचं, ऐकायचं, मग पुढचा. आणि मी मूर्खासारखी माझी घोकलेली वाक्यंच म्हणत होते. आय अ‍ॅम फाइन, जस्ट अ बिट अंडर द वेदर. ती म्हणाली, "नो मॅडम. यू आर नॉट फाइन. आय अ‍ॅम वरीड अबाउट यू अँड आय अ‍ॅम नॉट लीव्हिंग यू."

अंगात एवढा ताप, छातीत घरघर, आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या! बोलली! पोरगी बोलली! मला उठून नाचायचं होतं, पण पाय माझे नव्हतेच. तिनं आणि अन्वरनं मला धरून जिना उतरवला.

डॉक्टरांनी तपासलं आणि फ्लूच आहे म्हणाले. दम्यामुळं धोका होता, पण वेळेत आलात, औषध लागू पडेल, असं सांगून त्यांनी मला घरी वेगळं राहायला सांगितलं. मी भाग्यश्रीला हात जोडून म्हटलं, "तू माझ्या वाऱ्यालाही थांबू नकोस. परीक्षा तोंडावर आलीय तुझी."

"आमाला दवाखान्यात लस देत्यात म्याडम. घेतलीया मी. आन् मास्क लावून दारातनंच बोलते की."

लस घेतली म्हणून फ्लू होतच नाही असं नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी ती आली. रोज ड्यूटी संपली की यायची, खिडक्या सताड उघडायची, उंबऱ्यापाशी बसायची आणि मला इंग्रजीतून छळायची. मी पेज घेतली का, घाम आला का, खोकल्यात काही फरक. ती परीक्षेची तयारी करत होती की माझी शुश्रूषा, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. मला मात्र वेगळीच धास्ती होती. मी खडखडीत बरी झाले तर ही पुन्हा मुकी होईल की काय? लाज वाटते सांगायला, पण बरं वाटायला लागल्यावरही मी दोन दिवस खोकत राहिले.

तिला ते कळलंच. "म्याडम, आता नाटक करताय की तुमी!" ती हसली. मी खोकता खोकता थांबले. पण ती पुढं म्हणाली, "करा करा. आता जमतंय मला. तुमचं कपाळ लई तापलं हुतं, ते आठवते, मग बोलाया येतंय." आणि तिनं माझ्या खोट्या खोकल्याची अशी साग्रसंगीत चौकशी केली की मी थक्क झाले. त्या दिवशी मी ठरवलं, ही आता पास होणार.

आणि परीक्षा दोन दिवसांवर आली असताना सिद्धाराम तापानं फणफणला! कारखान्यात निम्मे लोक खोकत होते, त्यातलाच तो एक. परीक्षा पुण्याला. घरात तो आणि नीलव्वा दोघंच, आणि नीलव्वांना शुगर. त्यांनी लेकाजवळ बसणं धोक्याचं, आणि लेकाला सोडून सुनेनं जाणं त्यांना मान्य नव्हतं. भाग्यश्रीचा फोन आला, आवाज मेलेला. "न्हाय जमत म्याडम. ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "राहू द्या काय? मी येते!" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ही साथ तुम्हाला आत्ताच येऊन गेलीय, ती लगेच पुन्हा धरायची शक्यता कमी आहे, तरी मास्क लावा आणि दमू नका. पाय अजून लटपटत होते. पण मी पिशवीत मास्क, थर्मामीटर आणि माझा पंप टाकला आणि वळसंगची एसटी धरली. इतकी वर्षं पेशंट झाले, आता नातेवाईक होऊन बघू!

भाग्यश्री पुण्याला गेली आणि मी सिद्धारामच्या उशाशी बसले. मागाच्या खडखडाटात काम करणारी माणसं मोठ्यानंच बोलतात. आजारीही मोठ्यानं पडतात. "अवो म्याडम, मी काय ह्यातनं उठत न्हाय बघा!" त्याची आरोळी बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जात असेल. पुरुष साध्या सर्दीनंही असा आकांत करतात म्हणून इंग्रज बायकांनी त्याला 'मॅन फ्लू' असं नाव ठेवलंय. मला ते आठवून हसू येत होतं. बिचाऱ्याचा ताप मात्र खरा होता. मी पाणी पाजत होते, कपाळावर पट्ट्या ठेवत होते, ताप मोजत होते.

नीलव्वा बाहेर सोप्यात, दाराच्या पलीकडं बसून होत्या. दुपारी त्यांनी तिथूनच विचारलं, "बाई, ह्या पोरी तिकडं जाऊन करत्यात तरी काय?"

मी सांगितलं. तिथं थंडीत म्हातारी माणसं फ्लूनं दवाखान्यात येतात. मुलं लांब असतात. कैक जण एकटेच येतात. त्यांना बघायला माणसं कमी पडतात, म्हणून आपल्या मुली जातात.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "आन् आमाला बघाया?"

मी सिद्धारामच्या कपाळावरची पट्टी बदलली. हा प्रश्न मला याआधी कुणी तोंडावर विचारला नव्हता. मुली पास झाल्या की मी पेढे खाते, फोटो काढते, पुढच्या तुकडीला आजारी पडते. मागं राहिलेल्या घरात ताप आला तर काय, हा विचार मी फार लांब कधी जाऊ दिला नव्हता. तो दिवसभर टोचत राहिला.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. "म्याडम, पेशंट ठणठणीत हुता! गाल लाल टमाट्यासारखं! तरी बोलले मी. त्याच्याशीच बोलले!" मी दारातून ओरडून नीलव्वांना सांगितलं. सिद्धारामानं खाटेवरून सिनेमागत शिट्टी मारली आणि मग खोकत बसला.

ती पास झाली. चांगल्या गुणांनी झाली. क्लासात अन्वरनं असा गोंधळ घातला की खालचा दुकानदार जिना चढून वर आला, आणि पेढे खाऊनच खाली गेला.

मग नोकरी लागली, व्हिसा आला, आणि निघायच्या दिवशी मी वळसंगला गेले. बॅगा भरून दारात होत्या. शेंगाचटणी, कडक भाकरी, स्वेटर, सगळं झालं होतं. आणि भाग्यश्री चुलीपाशी पाटावर बसून होती, उठायला तयार नव्हती. "अत्ती," ती सासूला म्हणाली, "मी न्हाय जात. पुढच्या थंडीत तुमाला ताप आला तर? तुमची शुगर. ह्यांना तर थर्मामीटर बी बघता येत न्हाय." गाडीवाल्यानं बाहेर हॉर्न दिला.

नीलव्वा पुढं आल्या. त्यांनी लुगड्याचा पदर बाजूला केला आणि चोळीची बाही वर सरकवली. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"सकाळी जाऊन आले, सरकारी दवाखान्यात. सिद्धारामाला बी ती तापाची लस टोचून आणलंय. डॉक्टरला सांगितलं, सून माझी इलायतेत नर्स हाय, तिच्या जिवाला घोर नगं." मग त्यांनी बाही खाली केली. "हितला ताप हितं बघू आमी. तू ऊठ."